धंदा काय लिहू?

शिरगणतीला ठाण्यात घरोघर हिंडलेल्या माणसाला जन्मभर किश्शांची वाण पडत नाही. मी कचेरीतला साधा कारकून, पण तेवढ्या दिवसांत लोकांनी जे ऐकवलं, ते अजून आठवून हसतो. विचारायचो एवढंच, "धंदा काय लिहू?" पण सगळ्यांना त्यात टॅक्सचा वास यायचा. मग काय, अख्खं गाव रातोरात भिकेला लागलं!

कोपरीत एक मिठागरवाला भेटला. "कसला धंदा सायेब, उपाशी मरतो आम्ही!" दारात उभ्या बायकोच्या हातात हे एवढे तोडे. मी नुसतं तिकडं पाहिलं, तर घाईनं म्हणाला, "पितलेचे हान ते!"

बाई कडाडली, "माजे बापाने दिलेले तोडे पितलेचे?"

पुढचं लिहून घ्यायला माझ्याकडं रकाना नव्हता. मी पळालो.

आमच्याच आळीत दामोदरपंत राहायचे. नोकरी कधीच सुटलेली, पण रोज पगडी घालून निघायचे आणि दिवसभर तळ्याकाठी बसून संध्याकाळी परत यायचे. बायको ताठ मानेनं म्हणाली, "लिहा, कचेरीत हेडक्लार्क." अहो, त्याच कचेरीत मी! पण त्या माउलीच्या तोंडाकडं बघून मुकाट्यानं लिहिलं. वाईट वाटलं हो.

आता गोविंदशेटचं ऐका. भाताचा व्यापारी, पक्का कवडीचुंबक. थोरलीची दोन स्थळं मोडलेली. तिसरं कल्याणहून मुक्कामाला आलेलं, ओटीवर बसलेलं, आणि नेमका मी टपकलो. "धंदा काय लिहू?"

शेट पेचात पडला. गरीब म्हणावं तर स्थळ जातं, श्रीमंत म्हणावं तर टॅक्स येतो! त्यानं दाराआडच्या पोरीकडं बघितलं आणि ओरडला, "लिहा! दोन वखारी, नफा रग्गड!" जन्मात पहिल्यांदा खरं बोलला बिचारा.

मुलाचे वडील खूश झाले. आल्यापासून ते आपल्या सावकारीच्या बढाया मारत होते, हुंडाही त्याच तोऱ्यात मागितलेला. मुक्कामी पाहुण्यांचंही लिहायचं, असा आम्हाला हुकूम होता. मी त्यांच्याकडं वळलो. "आणि आपला?"

त्यांनी झटकन हात जोडले. "आमचा कसला धंदा! चार घरं भिक्षा मागून पोट भरतो."

मग आतून शेटाणीचा आवाज आला, "अगं, फराळाची ताटं राहू देत. मूठभर तांदूळ आण!"