गाठीची कड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि एरवी त्याला मी गॅसची टाकी संपली इथपासून सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? कारण — नको, कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

मी नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी आमच्याकडे येतात. डॉक्टर त्यातले महत्त्वाचे तुकडे कापून देतात. मी ते मेणात बसवते, यंत्राचं चाक फिरवून आधी वरचं मेण घासून टाकते, मग पापुद्र्यासारखे काप काढते, काचेवर घेऊन रंगवते. वीस वर्षं हेच करतेय. माझा हात चांगला आहे. लोक म्हणतात म्हणून नव्हे — आहेच.

चार वर्षांपूर्वी भानुदासमामांच्या यकृतातली गाठ आली. नात्याचे नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात; तिसगावचे, घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणारे. आमच्या डॉक्टर मॅडम तेव्हा नवीन होत्या, माझ्या मुलीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या. गाठीच्या कडेचा एक तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ताई, हा अगदी वरवर घासा हं. टोकाला रक्तवाहिनी आहे, तीच बघायचीय."

का, तेही त्यांनी समजावलं. कॅन्सरच्या गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या मूळपेशींसारख्या असतात. औषधाने बाकीच्या मरतात, या दबा धरून बसतात आणि नवी गाठ उभी करू शकतात. कडेने रक्तवाहिनीत शिरून पुढे पसरण्यात त्यांचाच हात असतो म्हणे. माझं माहेर राहुरीकडचं. हराळीचं एक पेर रानात राहिलं तर काय होतं, ते मला वेगळं सांगायला नको होतं. शिरकाव दिसला तर मामांना दर तीन महिन्यांनी तपासायचं — एवढं सगळं त्या तुकड्यावर होतं.

मला समजलं. पण त्याआधी राग आला होता. काल आलेली मुलगी मला घासायला शिकवते? मी नेहमीसारखंच चाक फिरवलं, नेहमीपेक्षा जरा जोरातच. थांबले तेव्हा कड गेली होती. रक्तवाहिनी मेणाच्या भुशात पडली होती.

इथपर्यंत चूक म्हणता आली असती, नाही का? उरलेली गाठ अजून औषधाच्या बरणीत होती, मागच्याच फळीवर. सांगितलं असतं तर मॅडमनी शेजारचा तुकडा घेतला असता. दोन दिवस उशीर, थोडी बोलणी. बस.

मॅडमनी काच बघून रक्तवाहिनी कुठे गेली असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "तुकडाच बारीक आला होता." त्यांचा चेहरा पडला. आपल्याच हातून कमी कापला गेला, असं त्यांना वाटलं. मी वाटू दिलं.

"मग बरणी आणा ताई, पुन्हा घेऊ."

पुन्हा तुकडा घेतला आणि तो चांगला जाड निघाला, तर? पहिल्याचं काय झालं ते उघडच पडणार होतं. मी म्हणाले, बरणी जुन्या बरण्यांबरोबर चुकून कालच्या कचऱ्याच्या गाडीत गेली. विसराळू म्हणवून घ्यायला माझी हरकत नव्हती. हात चुकला म्हणवून घ्यायला होती.

बरणी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडी आली, तेव्हा मीच ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घातली. खोटं बोलले होते ते खरं करून ठेवलं.

— हेच ते.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की शिरकाव आहे की नाही, सांगता येत नाही. तो न्यायला मामा स्वतः आले.

"बाई, मी दात बघून बैलाचं वय सांगतो. माज्या गाठीचे दात बघितले का न्हाई तुमी?"

"नाही दिसले, मामा."

"मंग एवढ्या काचा घिऊन बसलाय कशाला?" म्हणाले आणि हसले. मीही हसले.

सर्जननी त्यांना सहा महिन्यांनी बोलावलं. मला काही राहवेना. तिसऱ्या महिन्यात मीच फोन केला — "मॅडमनी सोनोग्राफी सांगितलीय." मॅडमना पत्ताही नव्हता. सोनोग्राफीत हरभऱ्याएवढं काहीतरी दिसलं. वेळेत दिसलं; सुई घालून जाळता आलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी माझा फोन आणि त्यांची तपासणी. मागच्या महिन्याचीही स्वच्छ आली. मामा बाजारात उभे राहून अजून गिऱ्हाइकांशी भांडतात.

नातवाच्या जावळाला त्यांनी मला आणि मॅडमना बोलावलं. सोनोग्राफी मॅडमनी नव्हे, मीच सांगितली होती, हे तोवर त्यांना कळलं होतं. मला पाटावर बसवून साडी दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "ही माजी भाची हाय. डाक्टरला जे दिसलं न्हाई, ते हिला दिसलं." मॅडम शेजारच्याच पंगतीत होत्या. मान खाली घालून जेवत राहिल्या.

मी साडी घेतली.

गेल्या आठवड्यात मॅडमना एका मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं — यकृताच्या गाठींवरच काम करायला, याच मूळपेशींवर. मला वाटलं, उड्या मारतील. त्या म्हणाल्या, "मामांचा तुकडा माझ्या हातून बारीक गेला, ताई. मी कसली जातेय?" चार वर्षं ही बाई माझी चूक स्वतःची म्हणून वागवतेय, आणि मी रोज तिच्यासोबत डबा खातेय.

त्यांना बुधवारपर्यंत उत्तर कळवायचंय. मी सोमवारी सकाळी सांगणार आहे, एप्रन चढवायच्या आधी. त्या जातील. जायलाच हव्यात, अशा डोळ्यांची तिथे गरज आहे. माझ्या नोकरीचं त्या ठरवतील ते.

शुक्रवारी घोडेगावचा बाजार असतो. तिथे जाऊन मामांनाही सांगणार आहे, गिऱ्हाइकं असली तरी. त्यांनी भाची म्हणणं सोडलं, तरी पुढची तपासणी चुकू देणार नाही. त्यांनी फोन उचलला नाही, तर तिसगावची एसटी धरीन.