आत्याचे मोबाइलवाले शेअर

माझी आत्या गणित शिकवायची आणि भाजीवाल्याशी भाव करायची, दोन्ही सारख्याच हिरिरीने. मुलींच्या शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी तिच्या डोक्यात मोबाइल शिरला. फोन हवा होता असं नाही, तिला फोनच्या कंपनीचे शेअर हवे होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, बनारसमध्ये मोबाइल नुकताच पोचला होता, आणि बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी जमणारी आमची मराठी मंडळी वेदान्त सोडून शेअरांवर भांडायला लागली होती. पैसे फोन बनवणाऱ्या कंपनीत घालावेत, की फोन चालवणाऱ्या? आत्याचं मत ठाम होतं. "साडी विणायचा करघा एकदाच विकला जातो, साडी दर लगीनसराईत. चालवणारीच घ्यायची."

अडचण एकच होती. आत्याचे सगळे पैसे बँकेत बाबांच्या जोडीने होते आणि बाबांच्या सहीशिवाय निघत नव्हते. बाबा तिचा धाकटा भाऊ. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानेच त्यांना वाढवलं, आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. बाबा पौरोहित्य करत. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर यजमानांना धीर देणारे हे गृहस्थ घरात मात्र भलतेच भित्रे. आत्याची शाळेतली मैत्रीण निवृत्तीनंतर पुण्याला जाऊन राहिली होती आणि हिलाही बोलवत होती. तेव्हापासून पुण्याचं नाव निघालं, की बाबा पाणी प्यायला उठत.

"ताई, जी चीज आपल्या गल्लीत चालत नाही, तिच्यात पैसे घालायचे नाहीत," बाबांनी फैसला दिला.

आमच्या माडीवर इंदूरचे एक भाडेकरू राहत. ते मोबाइल कंपनीतच नोकरीला होते. त्यांनी हसत हसत आपला फोन बाबांच्या हातात ठेवला. बाबांनी तो घेऊन दूधविनायकाची गल्ली पालथी घातली. जिथे भर दुपारी ऊन उतरत नाही, तिथे रेंज कुठून उतरणार? कंपनीची परीक्षा अशी घेणारा गुंतवणूकदार काशीतच सापडायचा! बाबा विजयी मुद्रेने परतले. मला त्यांचा असा राग आला, की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. आत्या मात्र हार मानणाऱ्यातली नव्हती.

"तू गल्लीत हिंडलास ना? आता माझ्याबरोबर नावेत चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोन मागून घेऊन आम्ही तिघं बालाजी घाटावरून नावेत बसलो. मधल्या धारेत पोचलो आणि फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या. आत्याने थेट पुण्याला मैत्रिणीला फोन लावला आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात बोलली. बाबा पाण्याकडे बघत बसले. तेवढ्यात मल्लाहाने वल्ही थांबवली.

"माताजी, हमार बेटवा सूरत में हौ. ओकरे बगल के दुकान में फोन हौ. बात हो जाई?"

नंबर त्याला तोंडपाठ होता. आत्याने लावून दिला. दुकानदाराने मुलाला बोलावून आणेपर्यंत मल्लाहाने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवला. मग मल्लाह ओरडला, "अरे बचवा! हम गंगाजी के बीच से बोलत हईं! खाना खइले कि ना?"

वल्ही सुटली ती सुटलीच. नाव आपली आपण राजघाटच्या पुलाकडे निघाली.

"अरे भैया, नाव देखो, नाव!" बाबा ओरडले.

"दू मिनट, गुरुजी!"

आत्याला हसताना ठसका लागला. मलाही आवरेना. डोळे पुसत ती बाबांना म्हणाली, "हे बघ माझं गिऱ्हाईक. तुमचे घाटावरचे पंडित म्हणतात, मोबाइल बड्या लोकांचा शौक. अरे, ज्यांची पोरं लांब गेलीत ते सगळे हा घेणार."

मल्लाहाने उलट्या धारेत नाव परत आणली, तीही गात गात, आणि भाडं घ्यायला साफ नकार दिला. बाबांनी घरी येताच फोन माडीवर परत नेऊन दिला. दिवाळी आली तरी सही काही होईना.

भाऊबीजेला आत्याने त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. ओवाळणी म्हणून दरवर्षी साडी असायची. यंदा बाबांनी तबकात बँकेचा सही केलेला कागद ठेवला. आत्याचा चेहरा असा काही उजळला, की मी टाळ्याच पिटल्या. बाबा मात्र तबकातून नजर न काढता म्हणाले, "ताई, पैसे झाले, की तू पुण्याला जाशील ना?"

त्यांचा हात सहीला का धजत नव्हता, ते मला तेव्हा कळलं. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

आत्याने तबक खाली ठेवलं. मग म्हणाली, "वेड्या, जायचं असतं तर शेअरांच्या मागे कशाला लागले असते? तिकीट नसतं का काढलं?"

बाबा नमस्काराला वाकले ते उठेचनात. शेवटी तिनेच त्यांची शेंडी हलकेच ओढली. "ऊठ रे बाळ, पुऱ्या गार होताहेत."