गॅस लीक आहे का बघतोय

मावशींना जालन्याच्या दवाखान्यातून दुपारी घरी सोडणार होते. त्या पोचायच्या आत त्यांच्या खोलीतला एसी चालू करायचा, हे काम माझ्याकडं होतं. खरं तर मीच ते मागून घेतलं होतं.

मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. देऊळगाव राजात त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी राहतो. माझं गाव पार कोल्हापूरच्या खालच्या टोकाला, चंदगडकडं. आठवीतून शाळा सुटली. मग मिळेल त्या मिस्त्रीच्या मागं फिरत फ्रिज-एसीचं काम शिकलो आणि असाच फिरत फिरत इथं येऊन पडलो. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली. दुकानाच्या शेठनी गावाला जायला सांगितलं, पण मला उठून एसटी स्टँडपर्यंत जाता येत नव्हतं. तेव्हा मावशींनी मला बरा होईपर्यंत ताक-भात घातला. त्या ताक-भाताबद्दल मी कधी काही बोललो नाही. एकदा तोंड उघडलं होतं, तर म्हणाल्या, "जास्त शाना नको बनू. ताट घास."

तर या मावशी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसल्या होत्या. छत्रीची सावली सरकली, पण गिऱ्हाईक होतं म्हणून त्या उठल्या नाहीत. वांग्यांच्या ढिगावरच कलंडल्या. ऊन लागलं होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं की खोली गार पाहिजे, पुन्हा असं झालं तर आम्ही काही सांगू शकत नाही.

आमचा स्लॅब दुपारी असा तापतो की भिंतीला पाठ लावता येत नाही. कूलर चालवावा तर तो पाणी पितो, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात नळ कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून मावशींच्या लेकीनं, म्हणजे ताईंनी, त्या चिखलीला शाळेत शिकवतात, आपल्या घरचा जुना एसी उतरवून पाठवला. उतरवणाऱ्यानं त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये नीट कोंडून ठेवला होता. म्हणजे बसवायचं, जोडायचं आणि गॅस सोडायचा, एवढंच. असले एसी मी किती बसवलेत. पण त्या सकाळी पान्हा धरताना माझ्या हाताला घाम सुटत होता. परक्याच्या घरी काम करताना असं होत नाही.

आतलं युनिट भिंतीवर चढवलं. बाहेरचं स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं. तांब्याचे दोन पाइप भिंतीला भोक पाडून वर घेतले, त्यांना फोम गुंडाळला, टेप मारली. पाइपांची तोंडं फुलवून नट आवळले. मग थोडासा गॅस सोडून सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठं बुडबुडा येतोय का ते बघत होतो. तेवढ्यात शेजारच्या काकू आपल्या स्लॅबवर कुरडया उलटायला आल्या. त्यांचा स्लॅब आणि आमचा स्लॅब यांत हातभर अंतर आहे.

"काय फुसफुस करून राह्यलं रे? साप शिरला का त्याच्यात?"

"काही नाही काकू, गॅस लीक आहे का बघतोय."

काकू कुरडया टाकून खाली गेल्या. मला वाटलं, काहीतरी काम आठवलं असेल.

सांधे चांगले होते. तपासायला सोडलेला गॅस मी काढून टाकला आणि पंप लावला. पाइपातली सगळी हवा पंपानं खेचून काढावी लागते, नाहीतर एसी चालत नाही. पंप घरघरत होता, काटा खाली उतरत होता आणि मी पहिल्यांदाच सुटकेचा श्वास घेतला. तोच पंप बंद पडला.

लाइट गेली म्हणावं, तर समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता. स्लॅबच्या कडेला जाऊन खाली बघितलं. अख्खी गल्ली बाहेर उभी होती. बायांनी लेकरं कडेवर घेतली होती. मावशींचा सिलिंडर कुणीतरी घरातून काढून रस्त्याच्या मधोमध आणून ठेवला होता आणि त्यावर ओलं पोतं टाकलं होतं. काकू दोन्ही हात वर करून ओरडत होत्या, "काडी लावू नका वो कोणी! बटन दाबू नका! म्या मेन बंद केला त्याईच्या घरचा!"

मी शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आलो.

"अहो काकू, काय झालंय?"

"काय झालं काय? तूच म्हटला ना मले, गॅस लीक आहे, का बघत बसली म्हणून!"

"तसं नाही हो म्हटलं. गॅस लीक आहे का, ते बघतोय, असं म्हटलं. आणि तो एसीचा गॅस."

"एसीत गॅस कायले राहते? त्याच्यावर काय सैपाक होते?"

एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "मंग त्यानं गार कसं होते बाप्पा? गॅसनं तं गरम होते." मी समजावून सांगायला लागलो. मला जेवढं येतं तेवढंच मला सांगता येतं, आणि ते ऐकणाऱ्याला पटत नाही. हाताला येतं, तोंडाला येत नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "जाऊ द्या वो. आपला गॅस नाही ना, मंग झालं. माही दाळ तेवढी अर्धवट राह्यली." सिलिंडर आत गेला, मेन चालू झाला आणि सगळे हसत हसत घरात गेले. मला "कोल्हापूरवाले, आमच्या जिवावर उठले का?" असंही एकानं विचारून घेतलं.

पंप मधेच बंद पडल्यामुळं हवा परत आत शिरली होती. सगळं पहिल्यापासून. पंप पुन्हा चालू केला, तोच ताईंचा फोन आला. "निघालो आम्ही. खोली गार करून ठेव रे. आईला गाडीतसुद्धा सहन होत नाहीये."

"हो ताई," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काटा खाली गेला तसा मी पंप काढला आणि व्हॉल्व उघडायला चावी लावली. गॅस पाइपात जातानाचा बारीक आवाज आला. त्या आवाजाची मला सवय आहे. त्यानंतर जो आवाज आला त्याची नव्हती. नटाच्या आत पाइपाचं फुलवलेलं तोंड चिरलं होतं. जुनं तांबं, एकदा वाकवलेलं, पुन्हा वाकवलेलं. पांढरा फवारा माझ्या हातावर आला. बोटं एकदम बधिर झाली, चावी सुटली, युनिटवर आपटून स्लॅबच्या कडेवरून खाली गल्लीत गेली.

"चावी! चावी द्या कुणीतरी! गॅस सुटला! गॅस!"

गल्लीत दोन बाया होत्या. त्यांनी वर बघितलं. काकू परत कुरडया उलटत होत्या. त्यांनी मान वर न करता खाली सांगितलं, "हाव, तो एसीचा राहते. त्यानं काही होत नाही."

मी खाली धावलो. चावी नालीच्या कडेला पडली होती. ती घेऊन वर येईपर्यंत फवारा संपला होता. तरी मी व्हॉल्व बंद केला. बंद करायला आत काही उरलं नव्हतं, पण हातांनी केलं. मग तिथंच बसलो. त्या दिवशी आमच्या घरात गार अशी एकच गोष्ट होती, माझा उजवा हात.

शेठना फोन केला. ते म्हणाले, "गॅसची टाकी बीबी गावाले गेली दुसऱ्या पोट्ट्यांसंगं. उद्या येईन."

"शेठ, आज काहीतरी करा की. मावशी येतात."

"आज कुठून आणू बे? माह्या खिशात राहते का?"

जीप आली तेव्हा मी दारात उभा होतो. आतून आईसारखं कुणी उतरणार आणि आपण रिकाम्या हातानं उभे, असं वाटत होतं. मावशींना ताईंनी धरून उतरवलं. चेहरा आक्रसलेला, ओठांना पापुद्रे आलेले. खाटेवर बसता बसता त्यांनी भिंतीकडं बघितलं.

"लागला का रे?"

"लागलाय मावशी, पण... गॅस गेला."

"कुठी गेला?"

मी वर बोट केलं. त्यांनीही वर बघितलं, पंख्याकडं. "गेला तं गेला," त्या म्हणाल्या. "आता त्याले बलावत बसू नको."

ताई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. मला बाजूला घेऊन हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "लोकांच्या घरी बसवतोस ना रे तू?" त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

दुपार चढली तसा मावशींना परत ताप भरला. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. त्या डोळे मिटून बडबडायला लागल्या, बाजारातलं काहीतरी, कुणाला तरी मेथीची जुडी बदलून देत होत्या. ताईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, अंग ओलं ठेवा, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी पाजा, आणि संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर तशाच परत घेऊन या. सकाळपासून झाली नव्हती. ताई चमच्यानं पाणी पाजत होत्या आणि निम्मं गालावरून ओघळत होतं. मी चादर भिजवून त्यांच्या अंगावर घालत होतो. दाराला पोतं लावलं, तेही भिजवत होतो. चादर बघता बघता वाळायची. पुन्हा बुडवायची. वर स्लॅबवर तो एसी मुका बसला होता, आणि मला सारखं वाटत होतं की उठून वर जावं, काहीतरी करावं. पण वर करण्यासारखं काही नव्हतं.

मग आमचा ड्रम तळाला गेला. तांब्या घासल्याचा आवाज ताईंनी ऐकला आणि माझ्याकडं बघितलं. मी रिकामी बादली घेऊन बाहेर आलो. कुणाकडं पाणी मागायचं? त्या दिवसांत तिथं माणूस जेवायला बसवेल, पण पाणी मागायला तोंड होत नाही.

काकू ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या हातातली बादली त्यांनी बघितली. आत गेल्या आणि डोक्यावर हंडा घेऊन आल्या. "बादली खाली ठेव. ओतू दे मले, सांडशील." मग त्यांनी समोरच्या दारात तोंड घालून हाक मारली, "वो माय, थोडं पाणी काढा! तिच्या अंगावर टाकाले पाह्यजे!" गिरणीवालीनं कळशी आणली. त्या म्हाताऱ्या बाबांची सून दोन बादल्या घेऊन आली. मला गल्लीतल्या सगळ्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. बाया आत येत होत्या, आपल्या हातानं चादर पिळून मावशींच्या अंगावर टाकत होत्या, तळपाय पुसत होत्या आणि मधेच मावशींना रागवत होत्या. "उठ ना वो! वांगे इकाले कोण जाईन? मी नाही जाणार तुह्या जागेवर, सांगून ठेवते!"

मी दारात उभा राहून येणारं पाणी ओतून घेत होतो. मला कुणी एकदाही विचारलं नाही की एसीचं काय झालं.

उन्हं उतरली तेव्हा मावशींनी डोळे उघडले. सगळ्या बायांवरून नजर फिरवली आणि कुजबुजल्यासारखं म्हणाल्या, "एवढा मेळा काऊन लागला? सरका. मले उठवा."

"काय झालं आई? कशाला उठतेस?"

"कायले म्हणजे? मोरीत जाऊ दे मले. का इथंच करू?"

ताईंना एकदम रडू फुटलं. काकू म्हणाल्या, "अवं रडते काय, धर ना तिले!" दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. मी पटकन बाहेर अंगणात जाऊन पाठ करून उभा राहिलो. मोरीचं दार लागलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काकू आतूनच ओरडल्या, "झाली वो! झाली!" आणि गल्लीतल्या बाया हसल्या. मी तुळशीजवळ खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी बीबीहून टाकी आली. चिरलेलं तोंड कापून नवं फुलवलं आणि एसी चालू केला. खोली गार झाली, चांगली झाली. मावशी अजूनही त्या खोलीत झोपतात.

नळ आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. मावशी तोवर हिंडू-फिरू लागल्या होत्या. सगळं भरून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "त्या दिवशी माह्यासाठी कोणाकोणाचं पाणी आणलं रे?"

मी सांगितलं.

"मंग जा. ज्याचं त्याले देऊन ये. उधारीचं पाणी मले नाही पचत."

मी हंडा खांद्यावर घेऊन आधी काकूंकडं गेलो. काकू ओट्यावर बसून भांडी घासत होत्या, नळ आलेल्या दिवशी घासतात तशी, सढळ हातानं.

"काय आणलं?"

"पाणी. त्या दिवशीचं. मावशींनी पाठवलंय."

काकूंनी दाराकडं बोट केलं. ड्रम, पिंप, पातेली, कढई, पोराचं दप्तर ठेवायचं पत्र्याचं डबडंसुद्धा काठोकाठ भरलं होतं. "कुठी ठेवू? माह्या डोक्यावर? जाय घेऊन वापस."

गिरणीवालीकडं तेच. बाबांची सून तर म्हणाली, "कोणतं पाणी? आम्ही कुठी देलं?" आणि हसत आत गेली. नळ आला की सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी येतो. पाणी परत द्यायचं तर ज्या दिवशी त्यांच्याकडं नसतं त्याच दिवशी द्यायला हवं, आणि त्या दिवशी आमच्याकडंही नसतं.

मी परत आलो. मावशी दारातच उभ्या होत्या.

"देलं का?"

"घेत नाहीत, मावशी."

"काऊन घेत नाहीत?"

"भरलंय म्हणतात."

मावशींनी हंड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पदरानं हंड्याचा काठ पुसला.

"पाह्य अजून एकदा जाऊन," त्या म्हणाल्या. "नीट म्हन त्याईले."

मी हंडा उचलला आणि पुन्हा गल्लीत निघालो. नीट म्हणजे कसं म्हणायचं, ते मला येत नव्हतं.