शेवटच्या ओळीतलं नाव

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरले. शाहीर बेपत्ता झाला ते प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. नाव कोणाचंच लिहीत नाही. माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं आहेत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी भंडारा जिल्ह्यात पोलीस शिपाई होते. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं, त्यामुळे माझ्या वाट्याला लिहिण्याची कामं कमी आणि चालण्याची जास्त. तेव्हा जिल्ह्यात बायका शिपाई अगदी थोड्या. कुठे बाईचा जबाब घ्यायचा असला की मला एसटीत बसवून त्या ठाण्यात पाठवत. तसंच तेव्हाही पाठवलं.

ठाण्याच्या ओसरीवर एक बाई बसली होती. तिचा नवरा आठ दिवसांपासून घरी आला नव्हता. नवरा म्हणजे करडीकडचा नामी शाहीर. त्याला ओळखत नाही असं माणूस त्या पट्ट्यात नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडईत खडी गंमत होते. दोन शाहीर डफ घेऊन समोरासमोर उभे राहतात. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे रचून जवाब द्यायचा. मागचे साथीदार ‘जी, जी’ म्हणत सूर ओढतात. कवनाच्या शेवटच्या ओळीत शाहिराने स्वतःचं नाव घालायचं, म्हणजे कवन कोणाचं ते लोकांना कळतं. ज्याला जवाब सुचला नाही त्याने डफ जमिनीवर पालथा ठेवायचा.

या शाहिराने डफ कधीच पालथा ठेवला नव्हता. लहानपणी तो म्हशी राखायचा आणि म्हशींवरच कवनं करायचा. मिसरूड फुटायच्या आत त्याने एका म्हाताऱ्या नावाजलेल्या शाहिराला हरवलं. पुढे नागपूरच्या रेडिओवर गायला. गर्दीतून कोणी ‘कंदील’ म्हणो, कोणी ‘सासू’, हा दम न घेता त्यावर कडवं रचायचा. शेतात भाताची रोवणी करणाऱ्या बायांच्या तोंडी त्याची कवनं असत.

त्याच्या तोडीचा एकच होता, लाखनीकडचा शाहीर. वीस वर्षं दोघं मंडईत एकमेकांचे बापजादे काढत होते. हे एकमेकांच्या घरचं पाणीही पीत नाहीत, असं लोक सांगत.

मी बाईचा जबाब घेतला. कोणावर संशय आहे का, हे विचारावंच लागतं.

“त्या लाखनीवाल्यावर हाय,” ती म्हणाली. “मागच्या साली भर मंडईत धमकी देल्ली त्यानं. हजार लोकाइनं आयकली.”

“काय म्हणाला?”

तिने ओळी म्हणून दाखवल्या:

“पुढच्या मंडईत याच्या तोंडून निघालाच जर ‘जी’,
नाव माहं बदलून टाका, शाहीर नाही मी!”

ठाण्याच्या जमादाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली ‘जिवे मारण्याची धमकी’ असं लिहिलं. मी म्हटलं, “साहेब, हे गाणं आहे.” तो म्हणाला, “तुले काय समजते? बस तिकडं.” मी बसले.

दुसऱ्या दिवशी खबर आली. हायवेवर पंक्चर काढणारा एक जण होता, तो आमचा खबऱ्या. त्याने सांगितलं, आठ दिवसांपूर्वी करडीवाला शाहीर त्याच्या दुकानासमोर ट्रकमधून उतरला. लाखनीवाला सायकल घेऊन उभाच होता. दोघं धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधावरून, शेताकडे गेले. संध्याकाळी लाखनीवाला एकटाच परत आला, आणि थेट वैद्याच्या घरी गेला. वैद्याचं ऐकायला जमादार थांबला नाही. दोघं गेले, एक परतला, एवढं त्याला पुरे होतं.

लाखनीवाल्याला ठाण्यात आणलं. उंच, वाळका माणूस, फेटा स्वच्छ. फौजदारांनी शांतपणे विचारलं, जमादाराने ओरडून विचारलं. माणूस खाली बघत राहिला. जमादाराने दोन थोबाडीत ठेवून दिल्या. तरी नाही.

“मंडईत तं तुही जीभ रेलगाडीवानी चालते. आता काहून लकवा मारला तिले?” जमादार म्हणाला.

त्या वाक्याला तो दचकला. मार खाताना दचकला नव्हता. मी कोपऱ्यातून बघत होते. सवालाला जवाब दिल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नाही, तो माणूस गप्प बसला होता. खुनी माणूस गप्प बसत नाही. तो बोलतो, फार बोलतो. मी तोवर तीन पाहिले होते.

दुपारी दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या घराची झडती घ्यायला गेलो. पुरुषांनी विहिरीत गळ टाकला, भाताच्या तणसीचा ढीग उपसला, कुऱ्हाडी जप्त केल्या. मी चुलीपाशी गेले. चुलीवर भाताची पातळ पेज होती, मीठ घातलेली, घोटून अगदी मऊ केलेली. बाजूला भात आणि वरण वेगळं.

“पेज कोणाची?” मी त्याच्या बायकोला विचारलं.

“सासूबाईची. दात नाही त्याइले.”

सासूबाई ओसरीवर बसून फुटाणे फोडत होत्या. आवाज चुलीपर्यंत येत होता.

मी म्हटलं, “बाई, म्हातारीचे दात माझ्यापेक्षा बरे आहेत. खरं सांग.”

ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांचा कंटाळा आहे. मी पेज वाटीत ओतली, वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “चल, थंड होते आहे.”

गुरांच्या कोठ्यामागे एक खोली होती. तिथे खाटेवर शाहीर पडला होता. उजवं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून त्याने काही म्हणायचा प्रयत्न केला. नुसतं ‘ब, ब’ निघालं. मग त्याने डाव्या हाताने शेला ओढून तोंड झाकलं.

लाखनीवाल्याला तिथे आणलं तेव्हा तो बोलला. दर साली मंडईच्या आधी ते दोघं त्याच्या शेतातल्या झोपडीत चोरून भेटत.

“बाई, माहा सवाल पिचका निघाला तं याचा जवाब पडते. म्हून दोघं बसून धार लावतो. लोकाइले समजलं तं गंमत मरते ना जी.”

यंदा बसले असतानाच याला झटका आला. अंधार पडल्यावर गड्याच्या मदतीने बैलबंडीत घालून त्याला घरी आणलं. शाहिराने डाव्या हाताने याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून खुणेनेच शपथ घ्यायला लावली, असं तोंड कोणाला दाखवायचं नाही, बायकोलाही नाही.

“मग ठाण्यात का नाही बोललास? मार खाल्लास.”

तो खाटेचा दोर उलगडायला लागला. “मी म्हटलं होतं याच्या तोंडून आवाज निघनार नाही. तसंच झालं. माहीच जीभ काळी. मार तं खाऊच ना मी.”

मी म्हटलं, “बोलण्याने लकवा होत असता तर आमचा जमादार कधीच आडवा झाला असता. रोज शंभर लोक त्याला शिव्या देतात.”

पंच हसले. खाटेवरचा शेलाही हलला. तो हसत होता की काय, ते सांगता येत नाही.

संध्याकाळी शाहिराच्या बायकोला आणलं. ती दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता पडते.

“मी तिकडं कुकू पुसाले बसली, अन् तुमी इथं पेज पिऊन राहिले काजी?”

मग तिने लाखनीवाल्याच्या बायकोच्या हातातून वाटी घेतली, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि वाकड्या बाजूने हळूहळू पेज घालायला लागली. सांडली की पुन्हा पुसत होती. शेला तिने आधीच काढून टाकला होता. त्याने अडवलं नाही.

फौजदार समजूतदार निघाले. डायरीत नोंद झाली: इसम मिळून आला, प्रकृती अस्वस्थ, स्वखुशीने परिचिताकडे राहत होता. सही होईना म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. लकव्याचा शब्द कुठे लिहिला नाही. जमादाराने माफी मागितली नाही. त्याने कुऱ्हाडी स्वतः धुऊन परत नेऊन दिल्या.

महिन्याभराने करडीकडे मंडई होती, आणि माझी बंदोबस्ताला ड्युटी. शाहीर येणार नाही अशी कुजबुज होती. दुपारी बंडी आली. त्याला खुर्चीवर बसवलं, मांडीवर डफ ठेवला. तोंडावर शेला नव्हता. गर्दी ते तोंड बघून गप्प झाली. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी नोकरीत पुन्हा पाहिली नाहीत.

लाखनीवाला समोर उभा राहिला. त्याने सवाल टाकला. चांगला होता, पिचका नव्हता. मग तो थांबला. एक मिनिट गेलं असेल. मागून कोणीतरी म्हणालं, “सोड ना बे, त्याले कायले छळून राहिला?” तो हलला नाही.

शाहिराने डावा हात डफावर मारला. मान ताणली, चेहरा लाल झाला, आणि घशातून निघालं: “जी.”

वाकडंच निघालं. पण ‘जी’च होतं. शेवटच्या रांगेतल्या बाईलाही कळलं.

लाखनीवाल्याने डफ जमिनीवर पालथा ठेवला. “आयकलं ना जी सगळ्याइनं?” तो ओरडला. “निघाला आवाज! आता माहं नाव बदला!” आणि आमच्या जमादारासकट सगळी मंडई उठून ओरडायला लागली. शाहिराची बायको तेवढी खाली बसून राहिली.

या प्रकरणापासून मी एक सवय लावून घेतली. माणूस गप्प बसला की तो काय लपवतो हे मी नंतर बघायची. कोणासाठी लपवतो, ते आधी. निम्मी प्रकरणं तिथेच सुटत. आणि झडतीला गेले की चूल आधी बघायची. पुरुष अधिकारी हसायचे. हसू देत.

शाहीर त्यानंतर पाच-सहा वर्षं जगला. ‘जी’च्या पुढे त्याची जीभ फारशी गेली नाही. लाखनीवाला मात्र गात राहिला. बंदोबस्ताच्या निमित्ताने मी त्याला दर मंडईत ऐकलं, निवृत्त झाल्यावर तिकडे जाऊनही ऐकलं. मंडईत बोललेला शब्द त्याने पाळला. कवन त्याचं असे, चाल त्याची असे. शेवटच्या ओळीत नाव मात्र तो करडीवाल्याचं घाली.