मिरचीच्या बरणीतला विमा

रामदासपेठेतल्या विमा कचेरीबाहेर, कडुलिंबाखाली एक टायपिस्ट बसायचा. अर्ज टाइप करण्याआधी तो गिऱ्हाइकाची जुनी पॉलिसी पंख्यासारखी हलवायचा आणि चष्म्यावरून असा बघायचा, की मुदत विम्याची नव्हे, आपलीच संपली आहे असं वाटावं.

माझ्या जुन्या फियाटचा विमा सलग दोन वर्षं संपला आणि मला पत्ताच नव्हता. दुसऱ्या खेपेला तर नेमकी त्याच आठवड्यात गाडी एका सायकलरिक्षावर घासली. पडलेल्या तोंडानं मी त्या टायपिस्टपुढे उभा राहिलो.

"कागद कुठं ठेवता, साहेब?"

"कपाटात. अगदी जपून."

"मंग कसा दिसन तो तुम्हाले? घरात वर्षाची मिरची कधी भरता?"

"मार्चमध्ये. भिवापुरी."

"विमाबी मार्चमध्येच संपते ना! कागद बरणीच्या बुडाशी ठेवा. मिरची संपत आली का कागद दिसते. तुम्ही विसरसान, वहिनी नाही विसरत."

मी हसलो. पण घरी जाऊन नवी पॉलिसी गुपचूप बरणीच्या तळाशी ठेवली.

पुढच्या मार्चमध्ये बायकोनं ती शिंकत शिंकत माझ्या हातात दिली. मुदतीला चांगले आठ दिवस बाकी होते. मी ऐटीत कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पॉलिसी उलगडली, तीनदा शिंकला आणि डोळे पुसत, वर न बघताच म्हणाला,

"त्या लिंबाखालच्यानं सांगतलं ना? सकाळपासून तुम्ही सहावे."