तिसरी हाक

त्या वर्षी आमच्याकडे हाकामारीची आवई उठली होती. ही बया म्हणे दारात येऊन ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि ओ दिली की माणूस रक्त ओकून मरतो. मात्र तिला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून पहिल्या दोन हाकांना गप्प बसायचं, तिसरीलाच ओ द्यायची. कडेगावच्या अंगाला आमचं गाव. तिथली शहाणीसुरती माणसंसुद्धा हे पाळत होती, मग आम्ही पोरं कोण लागून गेलो?

आम्ही चौघं होतो. म्होरक्या माझा चुलतभाऊ, बारा वर्षांचा. बाप मिलिटरीत, त्यामुळे ह्याची भाषा सगळी ड्यूटी आणि रिपोर्टची. बेचकी, मिठाची पुरचुंडी आणि एक फाटकी चप्पल एवढ्या सामानावर आम्ही हाकामारीला जित्ती धरणार होतो. चप्पल माझ्याकडे. मी तेव्हा नऊ वर्षांची. कर्नाटकात दारावर ‘उद्या ये’ लिहितात असं कळलं, तर आम्ही खडूनं अख्खी आळी लिहून काढली.

शेजारच्या म्हातारीला आम्ही आत्ती म्हणायचो. तिच्या चौकटीला माझा हात पुरेना, तर तिनंच चढायला पाट आणून दिला. वर म्हणाली, उद्या कशाला, आजच यी म्हणावं, चा पिऊन जाईल. तिचा नवरा फौजेतून पेन्शनीत आला आणि दोन वर्षांत गेला. पोटी लेकरू नाही. मला ती ‘माझे बाय’ म्हणायची. दुसरं कुणी तसं म्हणत नव्हतं.

बाजाराचा दिवस होता. थोरली माणसं बहुतेक बाजाराला गेलेली, आळी मोकळी. आम्ही आमच्या घराच्या दाराला आतून कडी घालून ड्यूटीवर बसलो होतो. ऊन कलायला लागलं तेव्हा परसाकडून हाक आली.

“आगं माझे बाय, ये की गं हिकडं.”

मी उठलेच. भावानं वेणीला धरून खाली बसवलं. “आत्तीचाच आवाज काढलाय बघ तिनं,” तो कानात म्हणाला.

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अंगावर मूठभर मांस चढलं, कारण एवढ्या गावात हाकामारीनं मला निवडलं होतं. दुसरी हाक आली ती खोल गेलेली, ओढत आलेली. आम्ही श्वास रोखून तिसरीची वाट बघितली. ती आलीच नाही. मग भावानं जाहीर केलं की पळाली, आणि आम्ही गूळशेंगदाणे वाटून खाल्ले.

तासाभरानं बाजारातून परतलेल्या आईची किंकाळी आली. आत्ती आमच्या भिंतीमागं शेणींच्या ढिगाला टेकून बसली होती. शेणी काढताना घोणस डसली होती. लुगड्याचा काठ फाडून तिनं पाय आवळून बांधला होता, पण उठता येत नव्हतं. आम्ही पुढच्या दारानं सटकलो आणि कालव्याकडून खेळून आल्यासारखे आलो. आईनं विचारलं तेव्हा भावानं तसंच सांगितलं, आणि मी मान हलवली.

तिला जीपमध्ये घातलं तेव्हा मी जवळच होते. तिनं माझा हात धरला. “व्हय गं, घरात न्हवतीस न्हवं तू? मी आपली उगंच हाका मारत बसले.”

सांगलीच्या डॉक्टरांनी तास दीड तास आधी आणायला हवं होतं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

भाऊ पुढं फौजेत भरती झाला. भेटलो की आम्ही पाऊसपाणी बोलतो, पोरांच्या शाळा बोलतो, हे नाही. आई आता थकलीय. आत्तीचा विषय निघाला की तिचं ठरलेलं असतं, “तुमी पोरं घरात असता तर वाचली असती बिचारी.”

मी व्हय म्हणते.