दादाचा दारवाला सिनेमा

दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना. ओट्यावर पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरून उभे होतो. समोरच्या भिंतीवर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरत नव्हता. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं आमच्याकडे मानतात. मग ज्याला जे सुचेल ते त्याने हात जोडून कबूल करायचं.

मामा पुढे झाला. "आवशीची काळजी करू नको रे. माजी भैण आसा ती." कावळे ढिम्म. वहिनी म्हणाली, "पोरीला हवं तेवढं शिकवीन." तरी ढिम्म. चुलतभावाने गावच्या घराचं छप्पर करून घ्यायचं कबूल केलं. ऊन चढत होतं, भटजी पुन्हा पुन्हा मोबाइल बघत होते, आणि माझं डोकं फिरलं. मला रडू यायच्या आधी राग येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"दादा," मी ओरडलेच, "तुझा तो दारवाला सिनेमा बघू रे! सगळे बघू! शेवटपर्यंत!"

एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच मारली.

लोक हसावं की रडावं अशा तोंडाने माझ्याकडे बघत राहिले. मी मात्र तिथेच खाली बसले आणि मग काय रडले ते रडले.

या सिनेमाचं सांगायला हवं. दादा अंधेरीला एका ऑफिसात हिशेब तपासायचा आणि मुलुंडला आई, वहिनी आणि मुलगी यांच्याबरोबर राहायचा. कधीतरी ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एक फ्रेंच सिनेमा दिला. तो त्याने पेन ड्राइव्हवर घालून घराच्या किल्ल्यांना अडकवून ठेवला होता. गणपती असो, भाऊबीज असो, कुणाचं बारसं असो, जेवणं आटोपली की हा किल्ल्या वाजवत विचारायचा, "लावू का?" आम्ही म्हणायचो, मॅच आहे, सिरीयल आहे, डोकं दुखतंय. कधी लावलाच, तर थोड्या वेळाने एकेक जण उठून जायचा. तो एकटा हसत बसायचा. "अरे, शेवट तरी बघा रे," म्हणायचा. दादा गेला तेव्हा त्याचं जायचं वय नव्हतं. छातीत कळ आली म्हणून रिक्षात बसला, आणि रिक्षातून उतरलाच नाही.

आई दहाव्याला घाटावर आली नव्हती, घरीच होती. कावळ्याचं मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्याचं तेवढंच राहिलं होतं?" त्यानंतर रोज तेच. "बघितला की सुटेल ना गं तो? काही राहणार नाही ना त्याचं?" तिच्यासाठी का होईना, दिलेला शब्द पाळायचाच असं मी मनाशी पक्कं केलं.

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं आणि भाचीने, दादाच्या मुलीने, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती मी आईसाठी मराठीत सांगत होते. फार सांगावं लागत नव्हतं, कारण सिनेमात बोलणं कमीच. एक उंच, किडकिडीत माणूस. एका सकाळी तो आपल्या घराचं निळं दार बिजागऱ्यांतून काढतो आणि पाठीवर घेऊन निघतो. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. दमला की दार उभं करायचं, टोपी सारखी करायची, दारावर टकटक करायची आणि अदबीने वाट बघायची. एक बदक त्याच्या मागे लागतं. भर बाजारात तो दार उभं करतो, तर गावातले लोक बाजूने जायचं सोडून त्या दारापुढे रांग लावतात. एक पोलीससुद्धा रांगेत उभा राहतो. शेवटी तो समुद्रावर पोचतो, वाळूत दार रोवतो, वाजवतो, आणि या वेळी दार आतून उघडतं. कोण उघडतं ते दिसत नाही. तो टोपी काढतो, आत जातो, बदक बाहेर राहतं आणि सिनेमा संपतो.

"ह्या काय?" मामा म्हणाला. "घराचा दार काढून नेल्यान. घरात चोर शिरलो तर?"

"मामाआजोबा, डोकं बाजूला ठेवून बघायचं असतं," भाची म्हणाली.

"ठेवलंय, म्हणान तर झोप लागली."

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू डोळे पुसत होत्या. त्यांच्या मते त्या माणसाची बायको वारलेली होती आणि तो तिला शोधत होता. माझ्या नवऱ्याला काही झेपलं नव्हतं, पण बदक झकास होतं. वहिनी एकदम भडकली. "कसली बायको शोधतोय? ती घरी असेल, बिनदाराच्या घरात, सगळं आवरत. यांना काय, निघाले फिरायला!" बोलून झाल्यावर ती साडीचा पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली. आम्ही सगळे बदकाविषयी मोठमोठ्याने बोलायला लागलो.

मला तो सिनेमा आवडला का? पहिला अर्धा तास मी चिडलेली होते. पण पोलीस रांगेत उभा राहिला तेव्हा मी फसकन हसले, आणि ते हसू हुबेहूब दादाचं होतं. ते ऐकून आई माझ्याकडे वळली. त्यापुढचं मला नीट दिसलं नाही.

सिनेमा संपून सगळे उठल्यावर लक्षात आलं की समुद्र आला तेव्हा आई जागेवर नव्हती. गॅसवर दूध ठेवलंय म्हणून ती आत गेली होती. मी म्हटलं, शेवटचा तुकडा परत लावते. तर म्हणाली, "नको. तुझा मामा अर्धा वेळ घोरत होता. सगळ्यांनी बघायचा असं कबूल केलंस ना? मग हा धरायचा नाही. पुढच्या महिन्यात मासिक श्राद्धाला परत लावू."

म्हणून मासिकाला परत लावला. मामाला चहा पाजपाजून जागं ठेवलं. समुद्र आला आणि आई उठली. दूध. त्याच्या पुढच्या महिन्यात दारावर कुणी आल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढच्या वेळी गुडघा आखडला. मी समजून चुकले की म्हातारीला सिनेमा आवडत नाही आणि मुलाचा म्हणून बोलवत नाही.

पण मग ती फोन का करायची? दुपारी मी घाटकोपरला घरी एकटी असताना फोन यायचा. "दार उघडतं तेव्हा तो हसतो की रडतो गं?"

"हसतो, आई."

"मामा सांगतो हसतो, काकू सांगते रडतो. सूनबाई म्हणते काहीच करत नाही, नुसता दमलेला असतो."

"तू बघ ना एकदाचं!"

"बघेन. घाई काय आहे?"

अशी ती सगळ्यांना फोन करून विचारायची, आणि एकाचं मत दुसऱ्याला सांगून भांडण पेटतं ठेवायची. मामासारखा मामा कुडाळहून मला फोन करून म्हणाला, "गो, ता दार त्याच्या आवशीन उघडलेला असतला. दुसरा कोण उघडतला?" ज्या सिनेमासाठी दादा जन्मभर आमच्या मिनतवाऱ्या करत राहिला, त्यावरून आता घराघरात वाद चालले होते. हे त्याला बघायला मिळायला हवं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी ठरवूनच गेले. आज काहीही होवो, आईला शेवट दाखवायचा आणि दादाला मोकळं करायचं. सोफ्यावर तिला अगदी चिकटून बसले. तिला आता सगळं पाठ होतं. पोलीस रांगेत यायच्या आधीच ती हसायला लागायची. समुद्र दिसला. तिने पाय खाली सोडले. मी तिचा हात धरला आणि रिमोटने सिनेमा थांबवला. पडद्यावर तो माणूस दारावर हात उचलून तसाच उभा राहिला.

"कुठे जातेस?"

"दूध..."

"दूध-बिध काही नाही. आई, बस. सगळ्यांनी बघायचा असं मी दादाला कबूल केलंय. सगळ्यांचा बघून झाला, एक तू राहिलीस. त्याला अडकवून ठेवलंयस तू."

वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. आईने माझ्याकडे बघितलं, आणि इतकी वर्षं मुंबईत काढूनही दुःखात जी भाषा तिच्या तोंडी येते, त्या भाषेत हळूच म्हणाली, "माका कळता ता. मी बघलंय तर सगळ्यांचो बघून होतलो. मगे त्याका थांबाक कारण काय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. वर्षभर मी तिला दादाला सोडवायला सांगत होते, आणि ती दर वेळी तेवढंच एक टाळत होती. तिचा हात माझ्या हातात होता, हलका, हळदीचा वास येणारा. मी तो सोडला.

"आई, दूध उतू जाईल," मी म्हटलं. "बघ जा."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी सिनेमा पुढे सुरू केला.